जोगळटेंभीच्या नाण्यांपासून गिंपपर्यंत : लिनक्सवरील चित्रसंपादकांचा इतिहास

१/
१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक असलेली ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन सम्राट गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचा ठसा पुन्हा उमटवला होता. ती वितळवून नवी पाडण्याऐवजी जुन्याच नाण्यांवर एका बाजूस तीन कमानींचा पर्वत आणि दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह मारण्यात आले. ठसा घाईघाईने मारलेला असल्यामुळे अनेक नाण्यांवर नव्या चिन्हाखालून नहपानाचा चेहरा आणि मूळ अक्षरे आजही डोकावतात.

२/
नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, असे त्यात म्हटले आहे. दगडावरील या दाव्याला जोगळटेंभीच्या चांदीने दुजोरा दिला, आणि तो देता आला याचे कारण एकच : वरचा थर चढवताना खालचा थर पूर्णपणे पुसला गेला नव्हता. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ते नाणे दोन लेयरचे चित्र आहे. संगणकावर मात्र ‘सेव्ह’ची एक कळ दाबताच खालचा चेहरा कायमचा नाहीसा होऊ शकतो. चित्रसंपादक कोणता वापरावा, हा प्रश्न त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकासाठी निव्वळ सोयीचा राहत नाही. तो पुराव्याचाही होतो.

३/
प्रश्न आजच का उद्भवतो? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरातला जुना पण धडधाकट लॅपटॉप टाकून देण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवणे अनेकांनी पसंत केले. अशा लॅपटॉपवर इतिहासप्रेमी तरुणाच्या गरजा मोजक्या असतात : लेण्यातील फोटो कापणे, तिरका असल्यास सरळ करणे, झिजलेली अक्षरे थोडी उठावदार करणे, नकाशावर एखादा बाण काढणे आणि खाली मराठीत ओळ लिहिणे. पाचच कामे. तरीही तक्रारी ठरलेल्या असतात. मोठा संपादक समजत नाही आणि छोटा मध्येच बंद पडतो. फोटो सेव्ह होत नाही, अक्षरे तुटतात, स्क्रीनशॉट काळा येतो. यांतील जवळजवळ प्रत्येक अडचणीला एक तारीख आणि एक कारण आहे. ते कारण कळले की उपायही कळतो.

४/
आरंभ ‘पेंट’पासून करावा लागतो. १९८४ मध्ये मॅकिंटॉशसोबत बिल ॲटकिन्सन यांचा मॅकपेंट आला, आणि १९८५ मध्ये विंडोजच्या पहिल्या आवृत्तीसोबत पेंट आला. दोन्ही यंत्रासोबत आपोआप मिळत. ती लहान मुलाच्या पाटीसारखी होती : रेघ ओढा, चौकट काढा, पुसा. एका कंपनीने संपूर्ण प्रणाली बांधायची आणि सोबत एक पाटी द्यायची, ही रीत तेथे रुजली.

लिनक्सला असा एक मालक कधीच नव्हता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आपल्या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा तो केवळ गाभा होता. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ पासून एमआयटीमध्ये स्वतंत्रपणे घडत होती. बाकीची साधने जगभरच्या वेगवेगळ्या हातांनी तयार केली. परिणामी लिनक्सवर ‘तो पेंट’ असे काही निर्माण झाले नाही. निवड करण्याचे ओझे वापरणाऱ्यावर आले, ते असे.

५/
१९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी चित्रसंपादक लिहायला घेतला. १९९६ च्या आरंभी तो लोकांसमोर आला. हाच गिंप. बटणे आणि मेनू दाखवण्यासाठी त्यांनी प्रथम मोटिफ हा व्यापारी साधनसंच वापरला होता. तो मुक्त नसल्याने अडचण होऊ लागली, तेव्हा त्यांनी स्वतःचाच संच रचला आणि त्याला जीटीके, म्हणजे ‘गिंप टूलकिट’, असे नाव दिले. १९९७ मध्ये सुरू झालेल्या गनोम प्रकल्पाने आपला अवघा डेस्कटॉप याच जीटीकेवर उभारला. एका चित्रसंपादकाच्या गरजेतून लिनक्सच्या दर्शनी रूपाचा पाया घातला गेला, असा हा उलटा प्रवास आहे. गिंपची फाइल ज्या ‘एक्ससीएफ’ नावाने ओळखली जाते, ते नावदेखील बर्कलेतील त्या विद्यार्थ्यांच्या संगणक-मंडळाचे आद्याक्षर-नाव आहे.

६/
गिंप पाटीच्या घराण्यातला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्यापुढे आदर्श होता तो १९९० साली आलेल्या फोटोशॉपचा, आणि फोटोशॉपपुढे होती छायाचित्रकाराची अंधारखोली. नाशिककरांना ही परंपरा परकी वाटू नये. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकले होते. छायाचित्रण, ब्लॉक तयार करणे आणि मुद्रण या कलांवर त्यांनी उपजीविका केली होती. त्या काळचा कारागीर काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवी. कागदावर प्रकाश टाकताना तळहाताची आड धरून एखादा भाग उजळ ठेवी, आणि दुसऱ्या भागावर जादा प्रकाश देऊन तो गडद करी. गिंपच्या साधनपेटीतील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही त्याच क्रियांची नावे आहेत.

७/
दोन घराण्यांतील हा भेद कळला की पहिली मोठी तक्रार सुटते : गिंपमध्ये साधी चौकट किंवा बाण काढायला सरळ साधन का सापडत नाही? अंधारखोलीत चौकटी काढत नाहीत, म्हणून. गिंपमध्ये प्रथम चौकोनी किंवा गोल भाग निवडायचा आणि मग ‘एडिट’ मेनूतील ‘स्ट्रोक सिलेक्शन’ने त्या निवडीच्या कडेवर रेघ ओढायची, अशी रूढ वाट आहे. बाणासाठी आणखी द्राविडी प्राणायाम करावा लागतो. ज्याचे मुख्य काम नकाशावर बाण आणि चौकटी काढण्याचे आहे, त्याने गिंपशी झगडत बसू नये. त्याने पाटीच्या घराण्यातील साधन घ्यावे.

८/
दुसरी तक्रार : ब्रश फिरवला तरी काहीच उमटत नाही. नवशिक्याला वाटते, प्रोग्राम बिघडला. कारण बहुधा निवडीत दडलेले असते. पूर्वी कधीतरी चित्राचा एखादा चिमुकला भाग निवडलेला राहून जातो, आणि निवडीबाहेर रंग उमटत नाही. अंधारखोलीत कागदाचा काही भाग पुठ्ठ्याने झाकला की तेथे प्रकाश पोहोचत नसे. हा तोच नियम आहे. उपाय : ‘सिलेक्ट’ मेनूत जाऊन ‘नन’ म्हणावे. तरीही रंग उमटला नाही, तर लेयरच्या यादीत योग्य लेयर निवडलेला आहे का, ते पाहावे. जुन्या आवृत्त्यांत चिकटवलेला तुकडा तरंगता राहत असे आणि तो खाली बसवेपर्यंत दुसरे काम होत नसे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून चिकटवलेला तुकडा आपोआप नव्या लेयरवर जातो. खोडरबराने पुसल्यावर पारदर्शकतेऐवजी पांढरा रंग दिसला, तर त्या लेयरला ‘अल्फा चॅनेल’ जोडावे.

९/
तिसरी तक्रार : रंग विचित्र दिसतात, निम्मे फिल्टर करडे होऊन निष्क्रिय पडतात. येथे १९८७ सालात जावे लागते. त्या वर्षी कॉम्प्युसर्व्ह कंपनीने गिफ हा प्रकार आणला. त्यात एका चौकटीत २५६ पेक्षा अधिक रंग मावत नाहीत. गिफमध्ये वापरलेल्या संक्षेपण-पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते, आणि १९९४ च्या अखेरीस त्यासाठी शुल्क मागण्यात येऊ लागले. या वादातून पीएनजी हा मुक्त प्रकार जन्मला आणि १९९६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अमेरिकेतील ते पेटंट जून २००३ मध्ये संपेपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना गिफ हा अंगावरचा निखारा वाटत असे.

आजही जुने नकाशे, आकृत्या आणि काही पीएनजी चित्रे मोजक्या रंगांच्या तक्त्यावर साठवलेली सापडतात. अशा चित्रात तक्त्याबाहेरचा रंग वापरताच येत नाही. उपाय एका ओळीचा आहे : ‘इमेज’ मेनूतील ‘मोड’मध्ये जाऊन ‘आरजीबी’ निवडावे.

१०/
चौथी तक्रार सर्वांत गाजलेली : गिंपमध्ये ‘सेव्ह’ केले की जेपीजी मिळत नाही, एक्ससीएफच मिळते. मे २०१२ च्या २.८ या आवृत्तीने ‘सेव्ह’ आणि ‘एक्सपोर्ट’ यांची फारकत केली. ‘सेव्ह’ म्हणजे लेयरसह संपूर्ण काम जपणे. ‘एक्सपोर्ट’ म्हणजे त्यातून इतरांना दाखवण्यासाठी एक सपाट प्रत काढणे. वापरणाऱ्यांत त्यावर मोठा संताप उसळला आणि तो अजून पुरता शमलेला नाही.

अभ्यासकाने मात्र या भेदाचे स्वागत करावे. १९९२ मध्ये प्रमाणित झालेला जेपीजी हा प्रकार डोळ्याला न जाणवणारे तपशील टाकून देऊन फाइल लहान करतो. ती फाइल उघडून, बदलून पुन्हा जेपीजी म्हणून साठवली की आणखी काही तपशील जातात. झिजलेल्या ब्राह्मी अक्षराच्या बाबतीत ‘डोळ्याला न जाणवणारा’ तपशीलच कधी कधी निर्णायक असतो. एक्ससीएफ म्हणजे खालचा चेहरा शाबूत असलेले नाणे.

११/
पाचवी तक्रार मंदपणाची. फोनवरचा चार एमबीचा फोटो उघडताच जुना लॅपटॉप धापा टाकतो. हिशेब साधा आहे. ४,००० × ३,००० बिंदूंचे चित्र म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. प्रत्येकासाठी तीन बाइट धरले तरी एका लेयरला स्मृतीत सुमारे ३६ एमबी लागतात. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून गिंपला प्रत्येक रंग ३२ बिटांच्या सूक्ष्मतेने हाताळता येतो. ती सूक्ष्मता निवडली तर तोच आकडा चौपट होतो, आणि लेयर व मागे घेण्याच्या पायऱ्या वाढतील तसा तो फुगत जातो. उपाय : दाखवण्यापुरते काम असेल तर आधी प्रत काढून ती लहान करावी आणि सूक्ष्मता ८ बिटांवर ठेवावी.

१२/
गिंप सर्वसामान्यांना जड जातो, ही कबुली खुद्द लिनक्सच्या वितरणांनी दिली आहे. एप्रिल २०१० च्या उबुंटू १०.०४ मधून गिंप मूळ संचातून वगळला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये लिनक्स मिंट १९.३ ने गिंप काढून त्या जागी ‘ड्रॉइंग’ नावाचा छोटा संपादक दिला. दोन्ही ठिकाणी गिंप हवा त्याला विनामूल्य बसवता येत होता. मुख्य दालनातून मात्र तो आतल्या खोलीत गेला. अंधारखोलीचे घराणे श्रेष्ठ असले तरी रोजच्या वापराला पाटी लागते, हे त्या दोन निर्णयांनी मान्य केले.

१३/
पाटीच्या घराण्यातील दोन नावे अधिक परिचित आहेत. पहिले केडीई डेस्कटॉपचे कलरपेंट. २००४ च्या केडीई ३.३ मध्ये ते दाखल झाले. रेघ, चौकट, वर्तुळ, मजकूर, कापणे, फिरवणे ही कामे ते चोख करते. त्यात लेयर नाहीत. काढलेली रेघ चित्रात मुरते आणि फाइल बंद केल्यावर वेगळी करता येत नाही.

दुसरे पिंटा. २०१० मध्ये जोनाथन पॉबस्ट यांनी विंडोजवरील पेंट डॉट नेटच्या धर्तीवर ते लिहिले. त्यात लेयर आहेत, रेघेला बाणाचे टोक देता येते आणि मूळ काम ओपनरास्टर या प्रकारात लेयरसह साठवता येते. पाटी आणि अंधारखोली यांच्यामधला हा ओटा म्हणावा. मात्र पिंटा मध्येच बंद पडतो, ही तक्रार जुनी आहे. मूळ लेखक २०११ मध्ये बाजूला झाल्यावर मोजक्या स्वयंसेवकांनी हा प्रकल्प जिवंत ठेवला आणि त्याचा तांत्रिक पायाही पुढे बदलावा लागला. वितरणाच्या भांडारात पुष्कळदा जुनी आवृत्ती पडून असते. पिंटा कोसळत असेल तर प्रथम आवृत्तीचा क्रमांक पाहावा आणि फ्लॅटपॅकमधून ताजी आवृत्ती घ्यावी. काम करताना दर काही मिनिटांनी साठवण्याची सवय ठेवावी, हेही आलेच.

१४/
नाव ऐकून चुकीचे साधन उचलण्याचा प्रकारही घडतो. क्रिटा हा चित्रकारासाठी आहे. कोऱ्या पटलावर रंगवणाऱ्याला तो वरदान ठरतो, फोटो कापण्यासाठी तो अवजड आहे. इंकस्केप बिंदूंऐवजी रेषांच्या गणितावर चालतो. वंशावळ, लेण्याचा आराखडा किंवा स्वच्छ नकाशा काढायचा असेल तर तोच योग्य, फोटो सुधारायचा असेल तर नव्हे. २००२ पासूनचा टक्स पेंट लहान मुलांसाठी आहे आणि त्या कामात तो उत्तम आहे. साधन वाईट आहे असे म्हणण्यापूर्वी ते कोणासाठी घडवले गेले, हे विचारणे न्याय्य ठरते.

१५/
सहावी तक्रार : स्क्रीनशॉट काळा येतो किंवा पेनड्राइव्हवरील फोटो संपादकाला दिसतच नाही. दोन्हींचे मूळ सुरक्षिततेच्या बदललेल्या कल्पनेत आहे. १९८४ च्या एक्स प्रणालीत कोणताही प्रोग्राम संपूर्ण पडदा वाचू शकत असे. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने हे दार बंद केले. आता पडदा टिपायचा तर डेस्कटॉपची परवानगी लागते. जुन्या पद्धतीची साधने तेथे अडखळतात. डेस्कटॉपचेच साधन वापरणे हा सोपा उपाय : गनोममध्ये ‘प्रिंट स्क्रीन’ची कळ, केडीईमध्ये स्पेक्टॅकल. स्पेक्टॅकलमध्ये टिपलेल्या चित्रावर तेथेच बाण व चौकटी काढता येतात.

स्नॅप किंवा फ्लॅटपॅक म्हणून बसवलेले प्रोग्राम कुंपणात राहतात. घरच्या फोल्डरबाहेरचे पाहण्यास त्यांना मुभा नसू शकते. फोटो घरच्या फोल्डरमध्ये आणावा, अथवा सेटिंग्जमध्ये त्या प्रोग्रामला बाह्य डिस्क वाचण्याची परवानगी द्यावी.

१६/
सातवी तक्रार मराठीची, आणि तिचा इतिहास सर्वांत जिव्हाळ्याचा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण अक्षरांना क्रमांक मिळाला म्हणजे ती नीट जुळतील असे नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि दिसते मात्र त्याआधी. जोडाक्षरांचे आकार बदलतात. ही जुळणी करणारी पँगो ही यंत्रणा २००२ च्या जीटीके २.० मध्ये आली, आणि तिच्या बळावर मार्च २००४ च्या गिंप २.० मध्ये देवनागरी लिहिता येऊ लागली. त्याच वर्षी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले.

छपाईच्या दुकानांत मात्र दीर्घकाळ रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट चालले. तो मजकूर आज नव्या संगणकावर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. तेथे संपादकाचा दोष नसतो. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग लिहावा. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर देवनागरी फॉन्ट बसवलेला नाही, इतकाच अर्थ.

१७/
त्यातही एक बारकावा आहे. मराठी आणि हिंदी यांच्या ‘ल’ आणि ‘श’ यांच्या आकारांत रूढीने फरक आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला कळले नाही तर तो हिंदी वळण दाखवतो. गिंपमध्ये मजकुराच्या साधनाखाली भाषेचा रकाना आहे. तेथे मराठी निवडल्यास, फॉन्टमध्ये सोय असेल तर, अक्षरे मराठी वळणाची होतात. इतिहासविषयक फलकावर ‘शालिवाहन शक’ लिहिताना हा फरक ठळकपणे नजरेत भरतो.

१८/
आठवी तक्रार संग्राहकांची, आणि तिचा धागा नाशिकरोडपर्यंत पोहोचतो. १९२८ पासून नाशिकरोडच्या मुद्रणालयात चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी भारताच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. नोटा जमवणाऱ्या एखाद्याने आपल्या संग्रहाची सूची करण्यासाठी नोटेचे चित्र उघडू पाहिले, तर काही व्यापारी संपादक त्यास नकार देतात. बनावट नोटा रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकांच्या एका गटाने विकसित केलेली ओळखयंत्रणा त्यांत बसवलेली असते. फोटोशॉपमध्ये ती असल्याचे २००४ च्या आरंभी उघड झाले. तिचा आतला संकेत गुप्त ठेवलेला आहे. गिंपचा संकेत उघडा असल्यामुळे असे गुप्त कुलूप त्यात बसत नाही, आणि त्यात ते नाही.

याचा अर्थ सर्व काही माफ आहे असा नव्हे. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद तयार करणे कायद्याने गुन्हाच आहे. फरक इतकाच की येथे मर्यादा साधनाने घातलेली नाही. ती वापरणाऱ्याने स्वतः पाळायची आहे.

१९/
मग निवड कशी करावी? फक्त कापणे, फिरवणे आणि चौकट काढणे असेल, आणि मूळ फोटो वेगळा जपलेला असेल, तर कलरपेंट किंवा ड्रॉइंग पुरे. बाण, मराठी ओळ आणि लेयर हवे असतील तर पिंटाची ताजी आवृत्ती घ्यावी. शिलालेख, नाणे किंवा मोडी कागद यांचे वाचन त्या चित्रावर अवलंबून असेल, तर गिंप शिकण्याचे कष्ट घ्यावेत. आराखडे आणि नकाशे इंकस्केपमध्ये करावेत. एकाच साधनाने सारे व्हावे, हा आग्रह ‘पेंट’ने लावलेल्या सवयीचा आहे, तो सोडला की लिनक्सवरील गर्दी गोंधळाची वाटत नाही.

२०/
शेवटचा मुद्दा साधनापलीकडचा आहे. पांडवलेण्यांतील लेखांचे एमिल सेनार यांनी केलेले संपादन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात, १९०५-०६ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्या पिढीतील अभ्यासक ओला कागद दगडावर दाबून, शाई लावून ठसा घेत. केवळ डोळ्यांनी पाहून हाताने काढलेल्या नकलेपेक्षा असा ठसा विश्वसनीय मानला जाई, कारण हाताने नक्कल करणारा नकळत आपले वाचन तीत मिसळतो. त्याला जे अक्षर अपेक्षित असते, ते त्याला दिसते.

आजचा कॉन्ट्रास्टचा आणि धार लावण्याचा सरकदांडा हीच भूल पुन्हा घालतो. थोडा पुढे सरकवला तर झिजलेली रेघ वर येते. आणखी सरकवला तर दगडाची चीरही मात्रा भासू लागते, आणि एका मात्रेने नाव बदलते. तेथून एखादा राजा, एखादे गाव, एखादे दान चुकीचे वाचले जाऊ शकते. असे चित्र एकदा समाजमाध्यमावर गेले की पुढचे वाचक मूळ दगडाकडे जात नाहीत. ते त्या चित्राकडेच जातात.

२१/
म्हणून नियम थोडेच आहेत, पण ते मोडू नयेत. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो ‘केवळ वाचन’ अशी खूण करून ठेवावी. काम नेहमी प्रतीवर करावे आणि प्रतीच्या नावात तसा उल्लेख असावा. लेयरसह काम साठवावे. चित्र प्रसिद्ध करताना ते कोठे, केव्हा टिपले आणि त्यात कोणते बदल केले, हे एका ओळीत सांगावे. शक्य असेल तेव्हा मूळ चित्रही सोबत द्यावे.

गौतमीपुत्राच्या टांकसाळीतील कारागिराला आपण पुरावा जपतो आहोत, याची जाणीव असण्याचे कारण नव्हते. त्याचा हातोडा किंचित तिरका पडला, काही ठसे अपुरे उमटले आणि नहपानाचा चेहरा वाचला. दोन हजार वर्षांपूर्वी जे योगायोगाने घडले, ते आज जाणीवपूर्वक करता येते. वरचा ठसा अवश्य उमटवावा. खालचा चेहरा राहू द्यावा.

(धागा समाप्त)